नाव, नंबर आणि 'कुणीच नाही' : जोडलेल्या संगणकांवरच्या ओळखीचा इतिहास



आजच्या विषयाचं नाव वाचून दारातच दोघा-तिघांनी मला अडवलं. "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मधेच हे कम्प्यूटरचं कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. पण "हा तोच माणूस कशावरून?" हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि गेली पन्नास वर्षं फाइली सांभाळणाऱ्या यंत्रांचे कारागीर त्याच प्रश्नाशी झटत आलेले आहेत. त्यांच्या झटापटीचा इतिहास मला आज सांगायचा आहे. मी त्यात पडलो तो एका साध्या घटनेमुळे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

मी ज्या महाविद्यालयात होतो तिथे एक सर्व्हर होता. सगळ्या विभागांचे फोल्डर त्याच्यावर, आणि आपापल्या खोलीतल्या कम्प्यूटरवरून ते उघडायचे. माझी अनेक वर्षांची टिपणं, प्रश्नपत्रिकांचे आराखडे, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरचे गोपनीय शेरे, सगळं तिथे. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी टिपणांची प्रत घ्यायला गेलो. ऑपरेटर मुलाने यादी काढली. फाइली जागच्या जागी होत्या, पण मालकाच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. तिथे नव्याने रुजू झालेल्या एका प्राध्यापिकेचं नाव होतं. तिने काहीही केलेलं नव्हतं. उलट ती म्हणाली, "सर, मला वाटलं विभागानेच मला ते वाचायला दिलंय." आता बघा, गोपनीय शेरे तिला वाचता येत होते, खोडताही आले असते.

झालं होतं ते असं. कम्प्यूटरकडे मी उशिरा वळलो, त्यामुळे माझं खातं यादीत शेवटचं. मी गेल्यावर ते काढून टाकलं, माझा नंबर मोकळा झाला आणि पुढच्या खात्याला तोच मिळाला. फाइलींना माझं नाव कधी ठाऊकच नव्हतं. त्यांना फक्त नंबर ठाऊक होता.

हे असं का केलेलं आहे, ते समजायला आधी आपल्याच गावाकडे बघू. हे कळंब, आणि यवतमाळ जिल्ह्यात दुसरं कळंब. दोन्ही तालुक्याची गावं. पुणे जिल्ह्यात आणखी आहेत ती वेगळीच. नुसतं 'कळंब' लिहून पाठवलेलं पार्सल कुठे जाईल, देव जाणे. म्हणून पोस्टाने आपल्याला ४१३५०७ हा आकडा दिला. आपल्या गाडीवर एमएच २५ असतं, त्या कळंबच्या गाडीवर एमएच २९. नाव माणसांसाठी आणि आकडा कारभारासाठी, ही सोय कम्प्यूटरच्या आधीची आहे.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची यंत्रणा बनवायला घेतली. एकाच यंत्रावर अनेक जण काम करणार, तेव्हा कुणाची फाइल कुणाची हे ठरवणं आलंच. त्यांनी प्रत्येक माणसाला एक नंबर दिला, तो यूजर आयडी. प्रत्येक गटाला एक नंबर दिला, तो ग्रुप आयडी. फाइलीसोबत हे दोनच आकडे ठेवायचे, आणि कुठला आकडा कुठल्या नावाचा याची यादी वेगळ्या एका फाइलीत. सुरुवातीला हा आकडा एका बाइटचा होता, म्हणजे ० ते २५५ एवढीच मजल. त्या काळी एका यंत्राला तेवढी माणसं पुरत होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत तो दोन बाइटचा झाला, आणि आज लिनक्समध्ये चार बाइटचा आहे, म्हणजे चारशे कोटींच्या वर.

त्यात फायदा असा, की नाव बदललं तरी फाइलींना हात लावावा लागत नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, यादीत एक ओळ बदलली, काम झालं. एक यंत्र, एक यादी, एक कारभारी. तोपर्यंत सगळं सुखाचं होतं.

भानगड सुरू झाली ती यंत्रं एकमेकांना जोडल्यावर. १९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी एक विनोद खोसला, त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला. या कंपनीने १९८४-८५ च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टिम, थोडक्यात एनएफएस, आणली. कल्पना सुंदर होती. फाइली एका यंत्रावर, आणि दुसऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसाला त्या आपल्याच कपाटातल्या वाटाव्यात. याला म्हणतात माउंट करणं. आपल्या घराच्या भिंतीला दार पाडून शेजारच्याचं कोठार आपल्या घरात घेतल्यासारखं.

आता त्या दारावर ओळख कशी पटवायची? तिकडून निरोप यायचा, "मी १००३ नंबरचा, ही फाइल द्या." सर्व्हर आपल्याकडची फाइल बघायचा, मालक १००३, देऊन टाकायचा. पण तिकडच्या यंत्रावरचा १००३ आणि इकडच्या यंत्रावरचा १००३ एकच माणूस आहे कशावरून? नंबर तर खातं उघडण्याच्या क्रमाने पडतात. आजही पुष्कळ लिनक्स यंत्रांवर पहिल्या माणसाला १०००, दुसऱ्याला १००१ असंच चालतं. ग्रंथालयाच्या यंत्रावर चौथं खातं ग्रंथपालांचं असेल आणि कार्यालयाच्या यंत्रावर चौथं खातं रोखपालांचं. दोघेही १००३. ग्रंथपालांनी कार्यालयाचा फोल्डर जोडून घेतला, की रोखपालांच्या फाइली त्यांच्या झाल्या. चोरी नाही, लबाडी नाही. नुसता आकडा जुळला.

सनचं म्हणणं असं, की सगळ्या यंत्रांवर यादी एकच ठेवा म्हणजे प्रश्नच मिटला. त्यासाठी त्यांनी एक सामायिक यादीची सेवा काढली आणि तिला नाव दिलं 'यलो पेजेस'. ते नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं निघालं, म्हणून बदलून एनआयएस केलं. पण तिच्या आज्ञांच्या तोंडी 'वायपी' ही अक्षरं आजही आहेत. आपल्याकडे जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच म्हणवते. जुनं नाव कुठेतरी चिकटून राहतंच.

एकच यादी, हे उत्तर सोपं वाटतं. पण ते एकाच घरात चालतं. दोन घरं एक झाली की काय होतं, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मग हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. माणसं तीच, शेतं तीच, पण दप्तर बदलत गेलं. एक दप्तर दुसऱ्या दप्तराला जोडायचं, म्हणजे आजच्या भाषेत माउंट करायचं, तर दोन तऱ्हा असतात. त्या दोन्ही आपल्याकडे घडलेल्या आहेत.

पहिली तऱ्हा हिशेबाची. निजामाच्या दप्तरात सन फसली असायचा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाच्या फरकाने. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. इथे यादी लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. कुणीही, कुठेही बसून हिशेब करावा, उत्तर एकच येणार.

दुसरी तऱ्हा यादीची. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. सर्व्हे नंबर ४२ चा गट नंबर किती, हे कुठल्याही बेरीज-वजाबाकीने सांगता येत नाही. त्यासाठी एकत्रीकरणाच्या नोंदीच उघडाव्या लागतात. तो कागद हरवला किंवा त्यात एक ओळ चुकली, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर दिसते, आणि भांडण तीन पिढ्या चालतं. आपल्यापैकी किती जणांनी तहसीलीचे उंबरे झिजवलेत ते मी विचारत नाही.

कम्प्यूटरवाल्यांनीही पुढे याच दोन तऱ्हा शोधून काढल्या. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी आणलं. त्यात माणसाची ओळख साध्या आकड्याने होत नाही, ती एका लांबलचक क्रमांकाने होते. त्याला म्हणतात एसआयडी. त्याचा पुढचा भाग संस्थेचा आणि शेवटचा भाग त्या संस्थेतल्या माणसाचा. मुख्य कारभाऱ्याचा शेवटचा भाग नेहमी ५००. एक महत्त्वाची गोष्ट : गेलेल्या माणसाचा हा क्रमांक तिथे दुसऱ्याला देत नाहीत.

त्याच सुमारास, १९९१-९२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या एका विद्यार्थ्याने युनिक्स आणि विंडोजच्या जगाला जोडणारा एक प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. आज तो 'सांबा' म्हणून ओळखला जातो. शोलेशी त्याचा काही संबंध नाही. एस, एम, बी ही तीन अक्षरं ज्यात याच क्रमाने येतात असा शब्द त्याने कम्प्यूटरमधल्या शब्दयादीतून शोधून काढला होता. विंडोजवाले आपल्या कार्यालयात, सर्व्हर लिनक्सचा, आणि मध्ये हा सांबा. म्हणजे एसआयडीचा यूजर आयडी करायचं काम त्याच्याकडे आलं.

त्यानेही दोन तऱ्हा ठेवल्या. एकीत, जो आधी आला त्याला मोकळा पुढचा नंबर, आणि त्याची नोंद एका वहीत. ही गट नंबरची तऱ्हा. यात मेख अशी, की दोन सर्व्हर असतील तर माणसं दोन्हीकडे वेगवेगळ्या क्रमाने येतात, आणि एकाच माणसाला दोन वेगळे नंबर पडतात. शिवाय ती वही खराब झाली तर फाइली राहतात आणि मालक जातात. दुसऱ्या तऱ्हेत हिशेब : समजा सुरुवात १०००० पासून ठरवली आणि माणसाचा शेवटचा भाग ११०५ आहे, तर त्याचा नंबर १११०५. कुठल्याही सर्व्हरवर हाच. ही फसली सनाची तऱ्हा. अट एकच, की सुरुवातीचा आकडा सगळीकडे सारखा ठेवायला हवा. एकाने १०००० धरला आणि दुसऱ्याने २००००, तर हिशेब बरोबर येऊनही माणूस चुकतो.

आता या सगळ्यातलं एक पात्र मला फार आवडतं, त्याची ओळख करून देतो. युनिक्समध्ये शून्य नंबरचा माणूस म्हणजे सर्वाधिकारी, त्याला 'रूट' म्हणतात. तो सगळ्यांच्या फाइली उघडू शकतो. आता शेजारच्या यंत्रावरचा शून्य आपल्या दारात आला तर? तो त्याच्या घरचा पाटील असेल, आपल्या घरात त्याने पाटीलकी का करावी? म्हणून एनएफएसने नियम केला, की परका शून्य आला की त्याला 'नोबडी', म्हणजे 'कुणीच नाही', करून टाकायचं. या 'कुणीच नाही'चा नंबर ठेवला उणे दोन. पण दोन बाइटच्या बिनचिन्ह आकड्यात उणे दोन मावत नाही, ते ६५५३४ दिसतं. आजही पुष्कळ यंत्रांवर 'कुणीच नाही'चा नंबर तोच आहे.

मला यातलं शहाणपण आवडतं. ओळख पटली नाही तर माणसाला हाकलून द्यायचं नाही, पण अधिकारही द्यायचा नाही. मात्र याचीच दुसरी बाजू पुढे दिसली. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २००० नंतर, नुसता आकडा न पाठवता 'नाव ॲट संस्था' असं पाठवायचं ठरलं. कळंबच्या आधी जिल्हा लिहावा तसं. सुधारणा चांगली. पण दोन यंत्रांवर संस्थेचं नाव एका अक्षराने जरी वेगळं लिहिलं असलं, तरी सगळ्या फाइलींचा मालक 'कुणीच नाही' दिसू लागतो. ज्याने स्वतः लिहिलं, त्याच्याच कागदावर 'कुणीच नाही'! आणि गंमत अशी, की पुष्कळ ठिकाणी दाखवायला नाव वापरतात आणि दारावर परवानगी तपासायला मात्र जुना आकडाच. म्हणजे पाटी एक, कुलूप दुसरं. कारकून बिचारा दोन-दोन दिवस शोधत बसतो.

आता गटाकडे येऊ. माणूस एकटा नसतो. तो विभागाचा असतो, समितीचा असतो. जुन्या एनएफएसच्या निरोपात माणसासोबत जास्तीत जास्त सोळा गट लिहिता येत. सतरावा गट असला तर तो वाटेतच गळून पडायचा, कुणाला न सांगता. तुम्ही सभासद आहात, पण दारावर ते सिद्ध होत नाही.

हे वाचताना मला आपल्याच जिल्ह्यातली सध्याची धावपळ आठवली. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, उर्दूतली आणि मोडीतली दप्तरं उघडली गेली. कुणाची मागणी बरोबर, कुणाची नाही, हा आजचा विषय नाही आणि त्यात मी पडत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की एका राज्याच्या दप्तरातला गट दुसऱ्या राज्याच्या यादीतल्या गटाशी जुळवणं म्हणजे काय, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. एका शब्दाच्या वाचनावर घरातल्या मुलाची फी आणि नोकरी अवलंबून. कम्प्यूटरवरची चूक फोल्डरपुरती असते, ही आयुष्याला लागते. आणि अशा वेळी सगळ्यात मोलाचा माणूस कोण ठरतो? मोडी वाचणारा.

न्यायदर्शनात उपमान नावाचं प्रमाण सांगितलंय. शहरातल्या माणसाने गवय हे जनावर पाहिलेलं नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखं जनावर पाहतो आणि म्हणतो, हाच तो गवय. नैयायिक म्हणतात, इथे जे ज्ञान झालं ते संज्ञा आणि संज्ञी यांच्या संबंधाचं, नाव आणि नावाचा धनी यांच्या नात्याचं. माझे विद्यार्थी नेहमी विचारायचे, "सर, एवढ्याशा गोष्टीला वेगळं प्रमाण कशाला?" आज मी त्यांना सांगेन, की त्यासाठीच जगातल्या कम्प्यूटरवाल्यांची पन्नास वर्षं गेली. नुसतं नाव माहीत असून भागत नाही, नुसतं जनावर दिसून भागत नाही. दोन्हीकडचं जाणणारा रानातला माणूस लागतो. कम्प्यूटरमध्ये ती जुळणीची वही, तहसीलीत ते एकत्रीकरणाचं दप्तर, आणि निजामाच्या कागदांसाठी तो मोडी वाचणारा.

हाच प्रश्न आपल्या देशाने एकदम सगळ्या जनतेसाठी घ्यायचा ठरवला, तो आधारमध्ये. यंत्रणेचं नावही बघा, यूआयडीएआय. पहिला बारा आकड्यांचा नंबर दिला गेला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. २०१६ च्या आधार कायद्याच्या चौथ्या कलमात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. एक, हा नंबर दुसऱ्या कुणालाही पुन्हा द्यायचा नाही. दोन, नंबर यादृच्छिक असावा, त्यावरून माणसाबद्दल काही कळू नये. पहिली अट वाचली तेव्हा मला माझ्या त्या फाइली आठवल्या. दुसरीचं मोल कळायला आपलंच उदाहरण आहे. आपल्या जिल्ह्याच्या रेल्वे स्थानकाचा संकेत जुन्या नावावरून केलेला होता, यूएमडी. २०२५ मध्ये स्थानकाचं नाव धाराशिव झालं, तर संकेतही बदलून डीआरएसव्ही करावा लागला, आणि त्यासाठी रात्री आरक्षणाची यंत्रणा काही वेळ बंद ठेवली. जिल्ह्याचं नाव बदललं तरी एमएच २५ मात्र बदलावं लागलं नाही, कारण २५ या आकड्यात उस्मानाबादही नव्हतं आणि धाराशिवही नव्हतं.

पण नंबर एकच सगळीकडे जोडला, तर जोडणाऱ्याच्या हातात माणसाचं सगळं आयुष्य येतं, हीही भीती खरी होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याला आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती अमान्य केली. त्याच वर्षी सोळा आकड्यांचा बदलता नंबर आला, खरा नंबर न दाखवता ओळख पटवण्यासाठी. म्हणजे पुन्हा जुळणीच. लिनक्समध्येही २०२१ पासून अशी सोय आहे, की एकच फोल्डर दोन ठिकाणी जोडताना प्रत्येक ठिकाणी मालकाचा नंबर वेगळा दाखवता येतो आणि मूळ फाइलीवरचा आकडा तसाच राहतो. एकच यादी सगळ्या जगाला लावण्याचा हट्ट सोडून, दारादारावर जुळणी करायला दोन्हीकडचे लोक शिकले आहेत.

शेवटी माझ्या फाइलींचं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही जाताना विचाराल. त्या ऑपरेटर मुलाला मी विचारलं, "आता माझ्या कुठल्या आणि बाईंच्या कुठल्या, हे कसं ठरवणार? नंबर तर एकच." तो म्हणाला, "सर, बाई रुजू झाल्याची तारीख आहे ना. त्याआधीच्या तुमच्या." त्याने मला नवा नंबर दिला, आणि तारखेप्रमाणे फाइली त्या नंबरावर घातल्या. मी थक्क झालो. आमच्या विद्वानांना सुचलं नसतं. नंबराला तारीख जोडली की माणूस सापडतो. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर तेच करत. आधीच्या मालकाचं नाव खोडत नसत, त्याला कंस करत, आणि शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. तो नंबर घेऊन फेरफार नोंदवही उघडली, की कोण कधी गेला आणि कोण कसा आला, सगळं सापडतं. फाइलीवरच्या त्या आकड्याजवळ असा कंसही नाही आणि असा गोलही नाही. युनिक्स करणारे थोर होतेच, पण या एका बाबतीत आमचा तलाठी त्यांना दोन गोष्टी शिकवून गेला असता.

तुमच्यापैकी कुणी शाळेचा, पतसंस्थेचा, ग्रामपंचायतीचा कम्प्यूटर सांभाळत असाल तर एवढंच करा. गेलेल्या माणसाचं खातं पुसू नका, बंद करा, नंबर त्याच्याच नावावर राहू द्या. दोन यंत्रं जोडण्याआधी दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. जुळणीची वही असेल तर तिची प्रत दुसऱ्या जागी ठेवा. आणि यादीत कुठे 'कुणीच नाही' दिसलं, तर तिथे कुणीतरी आहे असं समजून शोध घ्या.

माझं तिथलं खातं आता बंद आहे, उघडत नाही. पण ऑपरेटरने परवा फोनवर सांगितलं, "सर, तुमचा नंबर कुणालाही दिलेला नाही." त्या वाक्याने मला बरं वाटलं.